शहाऐंशी चेंडूंनंतर

१ नोव्हेंबर २००७ची रात्र, नागोया डोम, जपान सिरीजचा, म्हणजे जपानी बेसबॉलमधलं वर्षाचं अजिंक्यपद ठरवणाऱ्या मालिकेचा, सामना. नऊपैकी आठवी इनिंग संपली आहे, नववी सुरू व्हायची आहे, माउंड, म्हणजे पिचर उभा राहून चेंडू टाकतो तो उंचवटा, रिकामा आहे आणि प्रेक्षक एकाच माणसाच्या नावाचा गजर करताहेत : यामाई, यामाई. तेवढ्यात चुनिची ड्रॅगन्सचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, हिरोमित्सु ओचिआई डगआउटमधून, संघाच्या बाकांवरून, बाहेर येतो, पंचाजवळ जातो, बदल सांगतो आणि मागे फिरतो. लाउडस्पीकरवरून नाव येतं ते हितोकी इवासेचं. त्या क्षणी स्टेडियममधून जो आवाज उठतो त्याला नाव देणं कठीण आहे. त्यात टाळ्या आहेत, कारण इवासे हा तिथला लाडका, सामना बंद करणारा पिचर. आणि त्या टाळ्यांच्या खाली, खोल कुठेतरी, हजारो माणसांनी एकदम श्वास आत ओढल्यासारखं काहीतरी आहे. तो खालचा आवाज काही केल्या विसरता येत नाही.

कारण दाइसुके यामाईने तोवर चोवीस बॅटर्सना सामोरं जाऊन चोवीसही बाद केले होते. एकही हिट (बेस मिळवून देणारा फटका) नाही, एकही वॉक (चार वाईट चेंडूंबद्दल फुकट मिळणारा बेस) नाही, पहिल्या बेसवर कुणाचा पाय लागलेला नाही. आणखी तीन बाद झाले असते तर तो परफेक्ट गेम ठरला असता. जपान सिरीजच्या इतिहासात तसं कधीच घडलेलं नव्हतं. अमेरिकेतल्या वर्ल्ड सिरीजमध्येही ते एकदाच, १९५६ साली डॉन लार्सनने केलेलं. यामाईने ८६ चेंडू टाकले होते. चांगल्या लयीतल्या पिचरसाठी हा आकडा काही थकवणारा नव्हे. पण फलकावर धावा होत्या १-०. दुसऱ्या इनिंगमध्ये यू दार्विशच्या गोलंदाजीवर हिराताने उंच मारलेल्या, झेल गेलेल्या चेंडूवर तिसऱ्या बेसवरचा खेळाडू धावत घरी, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या होम प्लेटवर, आला होता, ती एकच धाव. मालिकेत ड्रॅगन्स ३-१ने पुढे. हा सामना जिंकला तर १९५४नंतरचं पहिलं अजिंक्यपद, म्हणजे ५३ वर्षांनी. हरला तर सामान बांधून परत सप्पोरोला, निप्पॉन-हॅम फायटर्सच्या घरी.

आणि यामाईचं बोट. त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावरचा फोड चौथ्या इनिंगमध्येच फुटला होता. हे वाचायला किरकोळ वाटतं, पण यामाईचा सगळा खेळ स्लायडरवर, म्हणजे शेवटी बाजूला वळणाऱ्या चेंडूवर, उभा होता आणि स्लायडर नेमका त्याच बोटातून सुटतो. बेसबॉलच्या चेंडूवर लाल दोऱ्याचे १०८ टाके असतात आणि ती शिवण चामड्याच्या वर उचललेली असते. तर्जनी आणि मधलं बोट शिवणीच्या बाहेरच्या कडेला टेकवायचं, मनगट न वळवता हात पुढे आणायचा आणि शेवटच्या क्षणी मधल्या बोटाने शिवण खाली खेचायची. चेंडूला कडेची फिरकी मिळते ती या खेचण्यातून. दर वेळी टाके त्याच इंचभर कातडीवर घासतात. कातडी सोलली की दोन गोष्टी होतात. ओल्या जागेवरून चेंडू निसटतो, फिरकी कमी पडते आणि जो चेंडू बॅटपासून दूर पळायला हवा तो प्लेटच्या मधोमध तरंगत राहतो. दुसरी जास्त घातक : बोट दुखू नये म्हणून शरीर स्वतःहून पकड बदलतं, कोपर जरा खाली येतं आणि ते पिचरच्या लक्षातही येत नाही. चिकटपट्टी लावायची सोय नाही, नियमच तसा आहे. टाकणाऱ्या हाताच्या बोटांवर काहीही चिकटवता येत नाही. शिवाय नवव्या इनिंगमध्ये येणारे बॅटर्स त्या रात्री यामाईला तिसऱ्यांदा पाहणार होते. पहिल्या दोन वेळा फसलेला डोळा तिसऱ्या वेळी बराच शिकलेला असतो.

सामन्यानंतर सांगण्यात आलं, की यामाईने स्वतःच आता इवासेला आणा असं पिचिंग कोच शिगेकाझु मोरीला सांगितलं होतं. तरीही जपानभर वाद पेटला. निम्मे म्हणाले, मॅनेजरचं काम जिंकणं. निम्मे म्हणाले, या माणसाने माणसांचं स्वप्न हिसकावून घेतलं.

प्रश्न नुसत्या फोडाचा असता तर तो इतका पुरला नसता.

तो पुरतो, कारण हा निर्णय घेणारा माणूस ओचिआई होता. जपानी बेसबॉलमध्ये स्वतःच्या आकड्यांवर, स्वतःच्या पद्धतीवर आणि स्वतःच्या किमतीवर इतक्या उघडपणे हक्क सांगणारा दुसरा खेळाडू दाखवणं अवघड आहे. अकिता प्रांतातला, १९५३चा जन्म. शाळेच्या संघात वरच्या वर्गातली मुलं हात उचलतात म्हणून तो संघ सोडायचा, सामना आला की बोलावून आणलं जायचा, पुन्हा सोडायचा. विद्यापीठातूनही काही महिन्यांतच बाहेर. मध्यंतरी व्यावसायिक बोलिंगपटू व्हायचं डोक्यात होतं. मग तोशिबाच्या फुचू कारखान्याच्या संघात खेळला आणि १९७८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, लोत्ते ओरायन्सने त्याला तिसऱ्या फेरीत घेतलं तेव्हा तो पंचविशीत पोचला होता. त्या वयात इतरांची कारकीर्द मध्यावर आलेली असते. त्यानंतर १९८२, १९८५ आणि १९८६ अशी तीन वर्षं त्याने सरासरी, होम रन (थेट कुंपणापार गेलेले फटके) आणि काढून दिलेल्या धावा या तिन्हींत पहिला नंबर मिळवला. तीनदा ट्रिपल क्राउन मिळवणारा जपानी व्यावसायिक बेसबॉलमधला तो एकटाच. १९८५चे आकडे तर मोठ्याने वाचावेत असे आहेत : सरासरी .३६७, होम रन ५२, काढून दिलेल्या धावा १४६. पुढे चुनिचीने त्याच्या बदल्यात लोत्तेला चार खेळाडू दिले आणि वर्षाला दहा कोटी येनच्या वर जाणारा तो पहिला जपानी खेळाडू ठरला. १९९१मध्ये मानधनाचं भांडण त्याने थेट लवादापुढे नेलं. खेळाडूने पैशाबद्दल तोंड उघडू नये, अशी ज्या काळाची रीत होती त्या काळात.

त्याचा स्टान्स पाहिला की या हट्टाचं मूळ दिसतं. शिंतो मंदिरातला पुजारी शुद्धीसाठी कागदी झिरमिळ्यांची काठी दोन्ही हातांत छातीसमोर धरतो, तशी ओचिआईची बॅट समोर, शरीरापासून दूर, जवळजवळ उभी. म्हणून तिला 'कान्नुशी' म्हणजे पुजाऱ्याची पद्धत म्हणतात. कोणत्याही प्रशिक्षकाने शाळकरी मुलाची ती बॅट लगेच खांद्यावर नेऊन ठेवली असती. पण त्यात हिशेब होता. हात समोर ढिले सोडले की खांद्यात ताण साठत नाही, आणि पिचरचा पाय उचलला जात असताना बॅट सावकाश मागे नेली की शरीर पिचरच्या लयीत आपोआप शिरतं. पुढचा पाय तो जरा तिसऱ्या बेसकडे उघडा टाकायचा, जे पुस्तकात चूक मानलं जातं. पण हात आतून, पोटाजवळून निघत असल्यामुळे उजव्या बाजूच्या मैदानावरही त्याचे होम रन जायचे. हे 'आतून' त्याने ज्या सरावातून कमावलं तो नुसता वाचूनही अंग चोरावंसं वाटतं. चेंडू फेकणाऱ्या यंत्राकडे कुशीने उभं न राहता तोंड करून, समोरासमोर उभं राहायचं. चेंडू सरळ अंगावर येतो. हात शरीरापासून लांब गेले तर बॅट वेळेवर पोचत नाही आणि चेंडू बरगडीत बसतो. कोपरं पोटाला लावून बॅटची मूठ आधी पुढे काढली तरच तो मारता येतो. चूक झाली की शिक्षा तिथल्या तिथे. हात लांब जातो आहे हे सांगायला तिथे कुणा प्रशिक्षकाची गरज उरत नाही. ओचिआईला शरीराची भाषा कळायची ती इथून, असं मला वाटतं. आपलं शरीर या क्षणी काय करू शकतं आणि काय करू शकत नाही, यापलीकडच्या गप्पांवर त्याचा विश्वासच नव्हता.

ऑक्टोबर २००३मध्ये त्याची ड्रॅगन्सचा मॅनेजर म्हणून नेमणूक झाली, तेव्हा त्याने एकाही खेळाडूला काढलं नाही, मोठी खरेदी मागितली नाही. प्रत्येकाने दहा टक्के सुधारणा केली तर आपण जिंकू, एवढंच म्हणाला. आणि जाहीर करून टाकलं, की १ फेब्रुवारीला, म्हणजे मोसमाआधीच्या सराव शिबिराच्या पहिल्याच दिवशी, आपापसात सामना खेळायचा. एरवी शिबिराचे पहिले दिवस अंग मोकळं करण्यात जातात. पहिल्या दिवशी सामना म्हटल्यावर खेळाडूंना डिसेंबर-जानेवारीतच तयार व्हावं लागलं. एका वाक्यात त्याने सगळ्यांची सुट्टी सरावाला लावली. शिबिराचं वेळापत्रकही सहा दिवस काम, एक दिवस विश्रांती असं, इतर संघांपेक्षा आवळलेलं.

मग २ एप्रिल २००४, मोसमाचा पहिला सामना, हिरोशिमाविरुद्ध. पहिल्या दिवशी संघाचा सर्वांत भरवशाचा पिचर उतरतो, ही जवळजवळ धार्मिक म्हणावी अशी प्रथा. ओचिआईने उतरवलं केन्जिरो कावासाकीला. कावासाकी १९९८चा सावामुरा पुरस्कार, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा मान, मिळालेला पिचर खरा, पण चुनिचीत आल्यापासून खांद्याच्या दुखण्याने तीन मोसम मुख्य संघासाठी एक चेंडूही टाकलेला नव्हता. जानेवारीतच त्याला हे सांगून ठेवलं होतं आणि गुप्त राखायला सांगितलं होतं. कावासाकी दुसऱ्या इनिंगमध्ये कोसळला, पाच धावा गेल्या, तीन बाद होऊन इनिंग संपायच्या आत त्याला बाहेर यावं लागलं. आणि बाकीच्यांनी तो सामना ८-६ असा खेचून आणला. त्या वर्षी ड्रॅगन्स लीग, म्हणजे मोसमभराची स्पर्धा, जिंकले. कावासाकी त्याच वर्षी निवृत्त झाला. एखाद्याला त्याच्या दुखऱ्या खांद्यासकट सगळ्यांसमोर उभं करणं क्रूर होतं की तीन वर्षं अंधारात असलेल्या माणसाला उजेडात नेणं होतं? मला दोन्ही वाटतं, आणि एक वाटलं की दुसरं कमी होत नाही. पिचर कोण हे पुढे ओचिआईने मोरीवर सोपवून दिलं. कावासाकी तेवढा त्याचा स्वतःचा होता.

आपल्याकडे संघासाठी एकाचा विक्रम अर्धा सोडण्याचा विषय निघाला की मुलतान आठवणारच. योगायोग असा, की सचिन १९४वर नाबाद असताना द्रविडने ५ बाद ६७५वर डाव सोडला तो २९ मार्च २००४ला, कावासाकीच्या त्या सामन्याच्या चार दिवस आधी. पण मुलतानात प्रश्न काही षटकांचा होता आणि सचिनला द्विशतकं आधीही मिळाली होती, नंतरही मिळाली. यामाईला नोव्हेंबरमधली ती रात्र दुसऱ्यांदा मिळणार नव्हती.

ओचिआईचं खरं काम सामन्यात दिसायचं नाही, ते नॉकमध्ये दिसायचं. नॉक म्हणजे लांब, हलक्या बॅटने कोच स्वतः चेंडू उडवून मैदानात मारतो तो क्षेत्ररक्षणाचा सराव. हाताशी येणारे चेंडू मारले तर त्यातून काही शिकता येत नाही. चेंडू मारायचा तो हाताच्या टप्प्याच्या दोन पावलं पलीकडे, डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, म्हणजे पाय हलल्याशिवाय ग्लव्ह पोचतच नाही. थकवा आला की खेळाडू आधी कमरेतून वाकणं सोडतो, मग पाय सोडतो आणि शेवटी फक्त हात लांब करतो. ओचिआई त्या शेवटाची वाट पाहत मारत राहायचा. मासाहिको मोरिनोला त्याने असा नॉक दिला, की तो मैदानावरच आडवा झाला. याच मोरिनोने २००६मध्ये तिसऱ्या बेसवरची जागा घेतली, आणि ती घेतली काझुयोशी तात्सुनामीकडून, ज्याला नागोयात 'मिस्टर ड्रॅगन्स' म्हणत. ओचिआई डगआउटमध्ये रोज एकाच जागी, एकाच कोनातून बसायचा. जागा बदलली नाही म्हणजे दृश्यातला फरक कळतो. काल जो चेंडू तिसऱ्या बेसवाल्याच्या ग्लव्हमध्ये जात होता तो आज त्याच्या बाजूने निघून जातो आहे, हे आकड्यांत दिसायला मोसम जावा लागतो. स्थिर बसलेल्या डोळ्याला ते काही आठवड्यांत दिसतं. नागोया डोमचं कुंपण तेव्हा ४.८ मीटर उंच होतं, होम प्लेटपासून मधल्या कुंपणापर्यंतचं अंतर १२२ मीटर. तिथे होम रनच्या भरवशावर राहता येत नसे. एक धाव काढायची आणि ती राखायची. राखायला पाय लागतात.

म्हणूनच २०१०मध्ये त्याने मासाहिरो अराकी आणि हिरोकाझु इबाता यांच्या जागा बदलल्या तेव्हा भल्याभल्यांना कोडं पडलं. ही दुसऱ्या बेसची आणि शॉर्टस्टॉपची (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या जागेची) जोडी २००४ ते २००९ सलग सहा वर्षं दोघांनाही गोल्डन ग्लव्ह, म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार, मिळवून देत होती. चालू घड्याळ कोण उघडतं? ओचिआईचं म्हणणं, हे दोघे आता चेंडूकडे डोळ्यांनी जाताहेत, पाय मागून येताहेत. सवयीने कुठे चेंडू येणार ते कळतं, म्हणून पहिलं पाऊल उशिरा पडतं, आणि अनुभव तो उशीर झाकून घेतो. जागा बदलली की सवय मोडते, पाय पुन्हा आधी निघतात. किंमत मोठी पडली. शॉर्टस्टॉपवरून पहिल्या बेसपर्यंतची फेक लांब, अराकीचा खांदा दुखरा. त्या मोसमात त्याच्या नावावर २० चुका लागल्या. ड्रॅगन्सने लीग मात्र जिंकली, पुढच्या वर्षीही.

दगडाचं काळीज म्हणावं तर १० ऑक्टोबर २००६ची टोकियो डोममधली रात्र आडवी येते. बाराव्या इनिंगमध्ये टायरोन वुड्सने तिन्ही बेस भरलेले असताना होम रन मारला, लीग हातात आली, आणि ओचिआई सगळ्यांसमोर रडला, वुड्सला मिठी मारून. पत्रकारांना दुखापतीबद्दल अवाक्षर न सांगणारा, प्रश्नाला उत्तर न देता निघून जाणारा तोच माणूस.

नोव्हेंबरच्या रात्रीकडे परत येताना मात्र २००४ची जपान सिरीज मधे ओलांडावी लागते. सेइबू लायन्सविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात ड्रॅगन्स पुढे होते, सातवी इनिंग चालू होती, माउंडवर शिन्या ओकामोतो. ओचिआई त्याला काढायला निघाला होता. सहकाऱ्यांनी आग्रह धरला, ओकामोतोला राहू द्या. मॅनेजर म्हणून त्याचं पहिलंच वर्ष, त्याने ऐकलं. थोड्या वेळाने सेइबूच्या अलेक्स काब्रेराने तिन्ही बेस भरलेले असताना चेंडू प्रेक्षकांत पोचवला. तो सामना गेला आणि मालिका ३-४ अशी गेली. त्या वेळी आपण भावनेला हो म्हटलं, याची बोच त्याला राहिली. २००७च्या रात्री पंचाकडे जाणारी ती पावलं मला या सामन्यातून चालत आलेली दिसतात.

आणि इवासे? सगळे यामाईबद्दल बोलतात. मला इवासेचं जास्त वाटतं. एका धावेची आघाडी राखणं हे त्याचं रोजचं काम, आयुष्यात ४०७ सेव्ह केलेला माणूस आहे तो. पण त्या रात्री त्याला आघाडीबरोबर दुसऱ्याचं कोरं पान सांभाळायचं होतं. एक वॉक दिला असता तरी सामना गेला नसता, पण ते पान डागाळलं असतं आणि डाग त्याच्या नावावर लागला असता. डावखुरा, आडवा पळणारा स्लायडर, त्या संध्याकाळी त्या बॅटर्सनी न पाहिलेला. हिशेब स्वच्छ होता. त्या स्वच्छ हिशेबाचं ओझं कुणाच्या खांद्यावर पडलं, हे तेवढं फलकावर दिसत नाही.

प्रेक्षक घटत गेले. जिंकणं नागोयाला सवयीचं झालं, आणि मालकांनी २२ सप्टेंबर २०११ला, मोसम चालू असतानाच, ओचिआईला निरोप जाहीर केला. ऑगस्टमध्ये दहा सामन्यांनी मागे पडलेला संघ त्यानंतर सुसाट सुटला. त्या दिवसांतल्या एका सामन्यात अराकीने दुसऱ्या बेसवरून धावत येऊन होम प्लेटवर डोकं पुढे करून झेप घेतली. बोटं मोडतात, खांदा निखळतो म्हणून ओचिआईने अशी झेप मना केली होती. अराकीला ते माहीत होतं. आठ मोसमांत चार लीग विजेतेपदं, एक जपान सिरीज, आणि कधीही पहिल्या तिनांच्या खाली नाही. हे सगळं मिळवलेल्या माणसाला संघाने दिलेला निरोप बहुधा तोच.

यामाईने २८ जून २०१३ला योकोहामामध्ये नऊच्या नऊ इनिंग टाकून, एकही हिट न देता, नो-हिटर पूर्ण केला. समोर चेंडू झेलणारा कॅचर २००७चाच, मोतोनोबु तानिशिगे. डगआउटमध्ये ओचिआई नव्हता, आणि नवव्या इनिंगमध्ये कुणी पंचाकडे गेलं नाही.

पण डोळ्यांसमोर राहतो तो २००७चा शेवटचा चेंडू. इवासेने दोन बाद केले आहेत. फायटर्सच्या कोयानोची बॅट लागते, चेंडू जमिनीवरून दुसऱ्या बेसच्या बाजूला येतो. साधा, रोजचा ग्राउंडर. अराकी पुढे सरकतो, पाय आधी, मग ग्लव्ह, आणि चेंडू पहिल्या बेसवरच्या वुड्सच्या हातात जातो. सत्ताविसावा बाद. इवासे हात वर करतो, सगळे माउंडकडे धावतात, आणि त्या गर्दीत कुठेतरी उजव्या हाताचं मधलं बोट सोललेला यामाईही धावत असतो.